बातुमीचा सिनेमा

वारलेली आई परक्याच्या तोंडून बोलायला लागली, तेव्हा वेरोनिका परेराने आधी गॅस बंद केला. कालवणाला उकळी यायची होती. फोन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला, आणि त्यात विश्वेशची मुलाखत चालू होती. मुंबईतला कुठलासा स्टुडिओ, मागे विटांची भिंत, समोर कॉफीचा मग.

“मला सिनेमा कोणी शिकवला विचाराल, तर माझ्या आईने,” विश्वेश सांगत होता. “मी परदेशी सिनेमा लावायचो आणि ती शेजारी कोळंबी सोलत बसायची. मी खालची अक्षरं वाचत राहायचो. एक दिवस ती म्हणाली, ‘अक्षरां खंय बघतंस? तोंडां बघ. तोंडां खोटा बोलनत नाय.’ त्या एका वाक्यावर मी आज उभा आहे.”

मुलाखत घेणाऱ्या मुलीने डोळ्यांना रुमाल लावला.

वेरोनिका ओट्याला धरून उभी राहिली. ते वाक्य तिच्या आईचं होतं. जॉयसी परेराचं. मालवणात चर्चच्या मागच्या गल्लीतल्या ह्याच स्वयंपाकघरात, पाटावर बसून, मांडीत सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, टोपली घेऊन ती ते बोलली होती. आई गेल्यावर वेरोनिकाने त्यावर एक लेख लिहिला होता, त्यांच्या फिल्म मंडळाच्या पानासाठी. ते पान विश्वेशने बनवलेलं, त्याच्याच हातात. विश्वेश पुढे सांगत होता की तो लेख पोर्तुगालमधल्या एका छोट्या महोत्सवाने वाचला, लेखकाला आमंत्रण धाडलं, आणि तिथूनच त्याची वाट सुरू झाली. म्हणजे तिच्या लेखाला आमंत्रण आलं होतं, विश्वेशच्या हातातल्या त्या पानावर. वेरोनिकाला ते आज, कालवण अर्धं कच्चं असताना कळत होतं. जन्मात गोव्याच्या पलीकडे न गेलेल्या बाईच्या नावाने लिस्बनजवळून बोलावणं आलं, आणि हा तिच्या जागी जाऊन आला.

गंमत म्हणजे विश्वेशची आई सीताकाकी खारेपाटणच्या. गळ्यात तुळशीची माळ. त्या घरात सुकटीचा वाससुद्धा कधी शिरला नव्हता. मेल्याने आई चोरली ती चोरली, तिच्या मांडीतली कोळंबीही नेली.

विश्वेश मालवणात आला तेव्हा लग्नांचं शूटिंग करायचा. त्याच्याकडे प्रोजेक्टर होता आणि वेरोनिकाकडे वेड. ती ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवायची, आणि तिच्या वेडाची जातही भूगोलाचीच होती. कुठल्या देशात कोण काय शूट करतंय, कोरियातल्या कुणाचा पुढचा सिनेमा कधी पुरा होणार, इराणमधल्या कुठल्या बाईला परवानगी मिळत नाहीये, हे तिला शेजारणीच्या लेकीच्या बाळंतपणासारखं ठाऊक असायचं. पाहिलेल्या सिनेमापेक्षा येणारा सिनेमा तिला जास्त प्यारा. कान महोत्सवाची निवड जाहीर व्हायची त्या दिवशी ती कॉलेजातून रजा घ्यायची. नुसतं एक छायाचित्र बाहेर आलं, बर्फात उभी म्हैस किंवा बसच्या काचेला टेकलेलं कपाळ, तरी तिला आठवडाभर पुरायचं.

तोंडवलीच्या फॉस्टिन अंकलनी आपल्या होमस्टेची मोठी खोली दिली आणि मंडळ उभं राहिलं. रविवारची मिस, चर्चमधली प्रार्थना, आटोपून, मासे-भात जेवून माणसं यायची. खिडक्यांवर चादरी टांगायच्या, सिनेमा लावायचा. पण त्याआधी वेरोनिकाचं बोलणं असे, ‘येवचे सिनेमे’. कित्येक जण तेवढं ऐकायलाच येत आणि सिनेमा सुरू झाला की घोरत. जे येऊ शकत नसत त्यांच्यासाठी ती ते बोलणं रेकॉर्ड करून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची.

विश्वेश मुंबईला गेला, त्याने चॅनेल काढलं, नाव मोठं झालं. कार्यक्रमाचं नाव ‘येणारे सिनेमे’. मंडळी अभिमानाने बघत. वेरोनिकाही बघे. आपलं बोलणं त्याच्या बोलण्यात सापडतं हे तिच्या कधीच लक्षात आलं होतं, पण आपल्या माडाचा नारळ शेजाऱ्याच्या परड्यात पडला तर कोण भांडायला जातं, असं म्हणून ती गप्प राहिली होती.

आई मात्र नारळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला फोन लावला. पूर्वी तो तिच्याशी मालवणीत बोलायचा. आता शुद्ध मराठीत बोलला.

“टीचर, अहो, तुम्ही फार मनाला लावून घेताय. गोष्ट लोकांपर्यंत पोचणं महत्त्वाचं. आई कोणाची हे कोण विचारतो?”

“मी इचारतंय,” वेरोनिका म्हणाली. “आणि पोर्तुगालचा बोलावणा कोणाक इला होता, ताही इचारतंय.”

मग तो हसला. “खरं सांगू? तुम्ही गेला असतात तरी काय झालं असतं? परत येऊन कॉलेजात नकाशेच शिकवले असतेत. मी त्याचं काहीतरी केलं. टीचर, तुमचं नाव मालवणबाहेर कोणाला माहीत आहे, सांगा बघू.”

वेरोनिकाने फोन ठेवला. शिरा पडो तुझ्या तोंडार, असं आई असती तर म्हणाली असती आणि कामाला लागली असती. वेरोनिका शिव्या देणाऱ्यांतली नव्हती. तिच्या मनात राग भिजत घातलेल्या तांदळासारखा फुगत गेला. वर्गात फळ्यावर काळा समुद्र काढताना, चर्चमध्ये ‘आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा करतो’ म्हणताना, सगळीकडे तो फुगत होता. तेवढी एक ओळ ती म्हणेनाशी झाली. ओठ मिटून उभी राहायची.

वाट तिला विश्वेशनेच दाखवली. एका रविवारी बोलताना तिने लिथुआनियाच्या एका दिग्दर्शकाचं नाव चुकीचं उच्चारलं होतं, तिचं तिलाच नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात विश्वेशच्या चॅनेलवर तेच नाव, त्याच चुकीसह, तितक्याच ठसक्यात. म्हणजे हा अजून ग्रुपवर होता. एक शब्द न लिहिता तिचं बोलणं ऐकत होता आणि जसंच्या तसं पुढे ओतत होता. तिच्या मनात आलं, चूक जाते तर खोटंही जाईल.

मग तिने एक सिनेमा रचायला घेतला.

देश जॉर्जिया, कारण तिथले सिनेमे मालवणात कोण तपासणार? दिग्दर्शिका नातेला खोरिदझे, हिचा हा दुसरा सिनेमा, पहिला कुठे दाखवलाच गेला नाही. गाव बातुमी, काळ्या समुद्रावरचं बंदर. तिथे एक बाई भोंग्यावरून जहाजांची नावं पुकारते, कुठलं आलं, कुठलं सुटलं. त्यातलं एक जहाज बुडतं. बाई मात्र त्याचं नाव रोज पुकारत राहते. वरिष्ठ सांगतात, बंद कर. ती करत नाही. हळूहळू गावातली माणसं त्या जहाजासाठी धक्क्यावर यायला लागतात, डबे घेऊन, पोरंबाळं घेऊन. सिनेमा कृष्णधवल. चित्रीकरण पुरं, संकलन चालू.

संध्याकाळी उत्तरपत्रिका बाजूला सारून ती ह्यावर बसायची. कॅमेरा कुठे असेल, बाईची खुर्ची कशी असेल, भोंग्याची तार उंदराने कुरतडली तर ती काय करेल. हे सगळं ती सूड म्हणून करत होती, आणि तरी कधीकधी तिला वाटायचं, हा सिनेमा खरंच कोणीतरी काढायला हवा. शेवट मात्र तिने ठरवला नाही. शेवट नसलेली जागा उघडी ठेवली, खेकड्याच्या सापळ्याला तोंड ठेवतात तशी.

एका रविवारी ती ‘येवचे सिनेमे’मध्ये हे सगळं बोलली. आयुष्यात इतकं छान ती कधी बोलली नव्हती. ग्रुपवर टाकलं आणि घरी आली.

तिच्यामागून फॉस्टिन अंकल येऊन पोचले. सत्तरी ओलांडलेला माणूस, तोंडवलीहून स्कूटरवर. जन्मभर मालवाहू जहाजांवर कुक म्हणून राहिलेला.

“गो वेरोनिका, बातुमी?” त्यांना धाप लागली होती. “माझा बातुमी?”

ते गाव तिला त्यांच्याकडूनच मिळालं होतं. आईच्या मातीनंतर ते पायरीवर तिच्या शेजारी बसले होते आणि, दुःखात माणूस काहीही सांगतो तसं, सांगत गेले होते. तरुणपणी त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी बातुमीत अडकून पडलं होतं. बंदराच्या भोंग्यावर रोज एका बाईचा आवाज यायचा. भाषा कळत नव्हती. फक्त आपल्या जहाजाचं नाव तेवढं कळायचं. ते ऐकायला ते डेकवर येऊन थांबायचे. बाई त्यांनी कधी पाहिली नाही. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

“म्हंजे ती बाय खरीच होती, बघ,” अंकल म्हणाले. “माका कधीकधी वाटायचा, मीच स्वप्नात आयकलंय. पण थंयच्या माणसाक ती म्हायत आसा. तेंनी तिचो पिक्चर काढल्यानी!” त्यांनी खुर्ची ओढली. “कधी येतलो?”

आता सांगावं. ती तोंड उघडणारच होती. पण ही एक गोष्ट सोडली तर अंकलच्या पोटात तीळ भिजत नसे. आज सांगितलं तर उद्या मासळीबाजारात, परवा ग्रुपवर. नंतर सांगू, तिने ठरवलं. विश्वेशचं उरकलं की पहिलं त्यांनाच.

“वेळ लागतलो, अंकल,” ती म्हणाली. “अजून तयार होवक नाय.”

“होवंदे. मी खंय चललंय?” ते हसले. “माका फक्त तिचा तोंड बघूचा आसा.”

विश्वेशचा व्हिडिओ आठवडाभरात आला. तिचे शब्द, तिच्या विरामांसह. पण तेवढ्यावर त्याचं भागलं नाही. पुढच्या वेळी त्याने नातेलाशी आपली पत्रापत्री चालू असल्याचं सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी, तिने आपल्याला पुरा न झालेला सिनेमा दाखवायला बोलावलंय म्हणाला. लोक वेडे झाले. कोणी बातुमीच्या बाईची चित्रं काढली, कोणी कविता केली. वेरोनिका रोज सगळं वाचायची आणि तिला चांगली झोप लागायची. आई गेल्यापासून इतकी चांगली लागली नव्हती.

जानेवारीत जिल्ह्यातल्या हौशी मंडळींनी मालवणात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवला. उद्घाटनाला भूमिपुत्र विश्वेश. आणि उद्घाटनात एक खास सत्कार, ‘ज्या माउलीने चेहरे वाचायला शिकवलं’ त्या सीताकाकींचा.

नाट्यगृह भरलेलं होतं. वेरोनिका दुसऱ्या रांगेत बसली, नेमकी सीताकाकींच्या मागे. फॉस्टिन अंकल पलीकडच्या बाजूला, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून. विश्वेश सिनेमा पाहून आलाय हे त्यांना कळलं होतं. सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला होता. “तेका इचार हां, तिचा तोंड कसा आसा. माका बोलूक जमाचा नाय.” वेरोनिका म्हणाली होती, इचारतंय.

निवेदिकेने कोळंबीची गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्या वाजल्या. सीताकाकींच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. परत येऊन बसताना त्या शेजारच्या बाईला हळूच म्हणाल्या, “ही कोळंबी खंयसून इली गो? ह्यो काय बोलता, माका कळणा नाय.”

वेरोनिकाने त्यांची मान पाहिली, माळेचा दोरा पाहिला. मंडळ नवीन असताना ती एकदा खारेपाटणला गेली होती, तेव्हा ह्या बाईने तिला खीर वाढली होती, नको म्हणेपर्यंत. हिच्यासमोर हिच्या झिलाला, पोटच्या पोराला, नागडं करायचं? जाऊ दे, असं तिच्या मनात आलं. खरोखरच आलं.

तेवढ्यात विश्वेश माइकवर म्हणाला, “आणि आता त्या सिनेमाविषयी, ज्याची तुम्ही सगळे वाट बघताय. मी तो गेल्या महिन्यात जॉर्जियात, तिबिलिसीत पाहिला. नातेला माझ्या शेजारी बसली होती. दिवे लागले तेव्हा ती माझा हात धरून रडत होती. तिला मी आईचं ते वाक्य सांगितलं. ती म्हणाली, माझा सिनेमा तुझ्या आईसाठी आहे.”

वेरोनिका उठली.

“मला विचारायचं आहे.”

विश्वेशने तिला ओळखलं. क्षणभर चपापला, मग हात पसरले. “आमच्या टीचर! ह्यांच्या मंडळात मी लहानाचा मोठा झालो. विचारा ना.”

कोणीतरी तिच्या हातात माइक दिला. “त्या बाईचा चेहरा कसा आहे?”

पलीकडे फॉस्टिन अंकल पुढे सरकून बसले.

“विलक्षण आहे,” विश्वेश म्हणाला. “रापलेला. गालावर एक व्रण. डोळे असे, की समुद्र त्यांच्यात बघून घेईल.”

अंकलनी मान हलवली, अगदी सावकाश, जणू त्यांना ठाऊकच होतं. वेरोनिकाने ते पाहिलं आणि पाहूनही ती थांबली नाही.

“आणि शेवट काय होतो?”

“शेवट सांगू नये, टीचर.”

“आम्ही गावची माणसं. आम्हांला सांगा. कोण कुठे जाऊन बघणार आहे?”

सभागृह हसलं. लोक ओरडले, सांगा, सांगा. विश्वेशने डोळे मिटले. “शेवटी,” तो म्हणाला, “धुक्यातून ते जहाज येतं.”

सगळ्या सभागृहाने उसासा टाकला. आणि वेरोनिकाला सर्वात जास्त राग कशाचा आला असेल, तर ह्याचा. आई चोरली, परदेश चोरला, आणि आता तिच्या सिनेमाला असला गुळमट शेवट लावला!

“ते जहाज येत नाही, विश्वेश,” ती म्हणाली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तिचा. “कारण असा सिनेमाच नाही. नातेला खोरिदझे नावाची बाई जन्मली नाही. ती मी माझ्या स्वयंपाकघरात जन्माला घातली. तू माझं बोलणं चोरतोस म्हणून तुझ्यासाठी वाढून ठेवली, आणि तू ताट चाटूनपुसून खाल्लंस.”

विश्वेश हसायला गेला. “टीचरांची तब्येत जरा…”

“तब्येत ठणठणीत आहे. मंडळी, फोन काढा. शोधा ह्या बाईला. ह्याच्या व्हिडिओच्या आधीचा एक शब्द सापडला तर मी मंडळ बंद करीन.”

फोन निघाले. सभागृहात शंभरेक माना एकदम खाली गेल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. विश्वेशने निवेदिकेकडे पाहिलं. निवेदिकाही फोनमध्येच बघत होती. मग मागून कोणीतरी शीळ घातली.

इथे थांबली असती तरी पुरे होतं. पण ताव खाली बसला नव्हता. वेरोनिकाने पुढे वाकून विचारलं, “सीताकाकी, तुमच्या घरात कोळंबी कधी सोलल्यानी?”

सीताकाकी वळल्या. मग उठल्या, माइकशिवायच बोलल्या. “नाय गो बाय. आमच्यात माळ आसा. मी पिक्चर बघलंय तो एकच, कुणकेश्वराच्या जत्रेत, तंबूत. तोव अर्धोच.” मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही. अंगावरची शाल काढली, नीट घडी केली, नारळ तिच्यावर ठेवला आणि दोन्ही खुर्चीवर ठेवून त्या दाराकडे चालू लागल्या. विश्वेश मंचावरून “आई, आई” करत धावला. काकी थांबल्या नाहीत.

वेरोनिका बाहेर आली. उन्हाने डोळे दिपले. जेटीकडच्या रस्त्याला लागली आणि वाटेत एका टपरीवर थांबून लिंबूसोडा प्यायली. इतका गोड सोडा तिने जन्मात प्यायला नव्हता. किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटी, त्यांत किंचाळणारे पर्यटक, सगळं जग तिला धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ दिसत होतं. मम्मी, तुका परत घेतलंय गो, ती मोठ्याने म्हणाली. टपरीवाल्याने वळून पाहिलं.

अंकलना शोधायला ती परत आत गेली, तर त्यांची खुर्ची रिकामी होती.

विश्वेशने दोन दिवसांनी व्हिडिओ टाकला. संशोधन करणाऱ्या चमूकडून चूक झाली म्हणे. लोकांनी त्याचीही खिल्ली उडवली. मग त्याचा फोन आला, आणि ह्या वेळी तो मालवणीत बोलला. आवाज बसलेला होता. “टीचर, कित्याक केलास ह्या तुमी? माझी आवस माझ्याशी बोलणा नाय.”

“अहो, तुम्ही फार मनाला लावून घेताय,” वेरोनिका शुद्ध मराठीत म्हणाली. “गोष्ट लोकांपर्यंत पोचणं महत्त्वाचं.”

आणि तिने फोन ठेवला. हे वाक्य तिने कित्येक महिने जपून ठेवलं होतं.

तोंडवलीला जायला मात्र तिला आठवडा लागला. अंकल अंगणात माडाच्या झावळ्या सोलून झाडूसाठी हीर काढत बसले होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही. ती आपणच पायरीवर बसली.

“अंकल, मी तुमका आधी सांगूक व्हया होता.”

“व्हया होता.” कोयता चालू राहिला.

“तेणी माझ्या आवशीक बाजारात बसयल्यान, अंकल. मी काय करूचा होता?”

“तेका केलंस ता बरा केलंस. माका तेचा काय नाय.” त्यांनी कोयता खाली ठेवला. “पण तू माझा बातुमी घेतलंस. माका इचारलंस? ती गजाल मी फक्त तुका सांगितलंय. तुझी आवस गेली होती म्हणान सांगितलंय. तेची तू गळाक लावूची सुंगटा केलंस.”

विश्वेशने केलं तेच आपण केलं, हे तिला नाट्यगृहातच, अंकल पुढे सरकून बसले तेव्हाच कळलं होतं. कळूनही ती बोलली होती.

“इतकी वर्सां ती माझ्या कानात होती,” अंकल म्हणाले. “काल दर्यार बसलंय, कान लावलंय, तर तुझो आवाज येता. टीचरचो. तिचो येणाच नाय.”

“माफ करा माका.”

“तू तेका केलंस माफ?”

खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं, पण ह्या माणसाशी आणखी एक खोटं तिच्याने बोलवेना.

“नाय,” ती म्हणाली. “करूचंय पण नाय.”

अंकलनी कोयता उचलला. “मगे माका वेळ लागतलो. खोलयेची चावी थंय खुंटीक आसा. रविवारी उघड. मी आत येवचंय नाय.”

घरी येऊन तिने ग्रुपवर बोलून टाकलं, नेहमीच्या आवाजात, नटवण्याचा प्रयत्न न करता. बातुमीचं बंदर आणि भोंग्यावरची बाई आपल्या डोक्यातून आलेली नाही, ती फॉस्टिन अंकलची आठवण, आपण न विचारता उचलली. एवढंच. अंकलनी ते ऐकल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही.

रविवारी तिने चावी काढली, चादरी टांगल्या. माणसं आली, नेहमीपेक्षा जास्त आली. महोत्सवातला प्रकार जिल्हाभर झाला होता आणि बायाबापड्या तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. “टीचर, बरा दाखवलंस तेका!” असं म्हणत एकीने तिला फणसाची भाजी आणून दिली. वेरोनिकाला ते आवडलं. मनापासून आवडलं.

मग ती उभी राहिली आणि ‘येवचे सिनेमे’ सुरू केलं. मंगोलियातल्या एका तरुण दिग्दर्शिकेचा पहिला सिनेमा उन्हाळ्यात येणार होता. दोन बहिणी आणि एक विकायचा घोडा. एवढीच बातमी बाहेर आली होती, आणि एक छायाचित्र. गेले तीन दिवस ती त्या छायाचित्राने भारावून गेली होती. बोलता बोलता जुना झपाटा अंगात आला. घोड्याच्या पाठीवर पडलेली दोघींची सावली तिने हातांनी हवेत काढून दाखवली.

ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा पुढच्या रांगेतली रुक्मिणी, शाळेतून निवृत्त झालेली, पहिल्या दिवसापासून मंडळात येणारी, संकोचून म्हणाली, “टीचर, रागावू नको हां. पण ह्यो खरो मां?”

खोलीत कोणी हसलं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तिला दिसलं की प्रश्न सगळ्यांच्याच तोंडावर होता.

“खरो,” वेरोनिका म्हणाली.

माणसांनी मान डोलावली. आणि तरी एकेकाने फोन बाहेर काढला. अंधाऱ्या खोलीत छोटे छोटे उजेड पेटले. कोणी दिग्दर्शिकेचं नाव परत विचारलं, वेरोनिकाने अक्षर अक्षर फोडून सांगितलं. बाहेर पडवीत अंकलची खुर्ची करकरली. ते आत आले नाहीत, पण गेलेही नव्हते.

सगळ्यांचं बघून होईपर्यंत ती पडद्यासमोर उभी राहिली. मग तिने पुढचं सांगायला घेतलं.